एमरी टर्पिनची भट्टी

टॅनर्स फोर्कमध्ये कुणाच्या घरचं गिटार वाजवणारं माणूस गेलं, की पुरून आल्यावर आठवड्याभरात त्याची गिटार एमरी टर्पिनच्या भट्टीत यायची. घरच्यांना ती विकवत नसे, वाजवायला हात धजत नसे, आणि डोळ्यांसमोरही नको असे. मग मुलगा किंवा सून गिटारीची पेटी मागच्या सीटवर घालून गावाबाहेरच्या बंद कारखान्यापर्यंत आणायची आणि म्हणायची, "एमरीकाका, सध्या राहू दे तुमच्याकडे." एमरी "बरं" म्हणायचा. 'सध्या' म्हणजे कुठवर, हे त्याने कुणाला विचारलं नाही. काही गिटारींचं 'सध्या' चांगलं दशकभर चालू होतं.

भट्टी आता फक्त नावाला उरली होती. कारखाना चालू होता तेव्हा पलंग-कपाटांसाठी कापलेल्या ओल्या फळ्या तिथे वाळवत. जाडजूड विटांच्या भिंती, खिडकी एकही नाही, रुळावरून सरकणारं लोखंडी दार. एमरीचं सगळं आयुष्य त्याच कारखान्यात पलंगांना लाखेचा हात देण्यात गेलं. पुढे कारखाना बसला, यंत्रं जहाजात चढून दुसऱ्या देशात गेली. विटा कोण नेणार? मालकाच्या वारसांनी किल्ली एमरीच्या हातावर ठेवली आणि ते शार्लटला राहायला गेले. एमरीने आत फळ्यांचे कप्पे ठोकले. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, बाराही महिने हवा साधारण एकसारखी. जुन्या लाकडाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. हवा फार कोरडी पडली तर गिटारीच्या पोटाला चीर जाते, फार दमट झाली तर सरस सुटतो. दाराशी लटकवलेल्या तबकडीत हवेचा दमटपणा बघून एमरी कधी पाण्याची बादली आत ठेवायचा, कधी बाहेर काढायचा. पेट्या तो एकीवर एक कधीच रचत नसे. पुस्तकं लावावीत तशा कडेवर उभ्या, मध्ये बोटभर जागा सोडून.

ठेवायला येणाऱ्यांइतकेच विचारायलाही लोक येत. आजोबांच्या माळ्यावर सापडली, काका, बघा जरा कुठली आहे. एमरी गिटारीच्या डोक्यावर लिहिलेलं नाव सगळ्यात शेवटी वाचायचा, कारण नाव काय, कुणीही चिकटवतं. पेटी उघडली की आधी नाक. मग भोकातून हात आत घालून पोटाखालच्या पट्ट्या चाचपायच्या, दाताच्या डॉक्टराचा असतो तसला छोटा आरसा आणि दिवा घालून आतला शिक्का शोधायचा, खुंट्यांचे स्क्रू कधी कुणी फिरवलेत का ते बघायचं. आणि त्यानंतर पेटी. गिटार वर्षानुवर्षं एकाच पेटीत राहिली, की तारा जिच्यावर टेकतात त्या तिच्या घोडीने, मानेच्या टाचेने आतल्या मखमलीला ठरावीक जागी टक्कल पडतं. टक्कल एकीकडे आणि घोडी दुसरीकडे असेल, तर ती पेटी त्या गिटारीची नव्हे.

"काय रे, पहिलं लग्न की दुसरं?" गार्नेट बोलिंग अशा वेळी हमखास विचारायचा.

"दुसरं," एमरी म्हणायचा. "पण सुखाचं चाललंय."

गार्नेट बँजो वाजवायचा. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये शनिवारी वाजवायला बसणाऱ्या मंडळींचा तो म्होरक्या. त्याच मंडळींत एमरीची बायको वेवा ताल धरायला असायची. तिची गिटार पोटाला फुगीर, चेलोसारखी, दोन्ही बाजूंना लांबट वळणदार भोकं असलेली. नखीचे ओरखडे पोटावर पडू नयेत म्हणून तारांच्या बाजूला कासवाच्या पाठीच्या रंगाची सेल्युलॉइडची पट्टी. वेवा कधी एकटीने वाजवत नसे, पुढे येत नसे. पण ती एखाद्या शनिवारी नसली की बाकीच्यांचे पाय घसरायचे, असं गार्नेट सांगायचा.

एका शनिवारी ती हॉलवरून घरी आली, पेटी दाराशी टेकवली आणि म्हणाली, "उद्या तारा बदलू या, फार मळल्यात." रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात कणकेच्या हातांनीच खाली बसली. बिस्किटांची कणीक होती. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुरून आल्यावर एमरीने तिची पेटी स्वतःच भट्टीत आणली, सगळ्यांच्या पेट्यांना बांधतो तशी नावाची चिठ्ठी बांधली आणि मागच्या भिंतीपाशी खालच्या कप्प्यात उभी केली. डावीकडे गार्नेटच्या वडिलांची गिटार, उजवीकडे भिंत.

त्याला दोन हिवाळे लोटले. एमरी जेवायचा, झोपायचा, रोज सकाळी भट्टीवर यायचा. लोक म्हणत, टर्पिननं छान सावरलं. दाताचा डॉक्टर सुई टोचतो, मग गाल आपला नसल्यासारखा होतो आणि आपण बोट लावून लावून बघतो. एमरीला स्वतःचं सगळंच तसं वाटायचं. फरक एवढाच की बोट लावून बघावं असंही त्याला वाटत नसे.

भट्टीचा एक नियम होता आणि तो त्यानेच घातलेला. वसंतात डॉगवूडचं झाड फुललं की एकदा आणि शेगड्या पेटायला लागल्या की एकदा, अशी प्रत्येक पेटी उघडायची. गिटार बाहेर काढायची, फडकं फिरवायचं, पेटीला वारा द्यायचा. सेल्युलॉइडची जुनी पट्टी असलेल्या गिटारींना तर दर महिन्याला. पूर्वी फण्या, बाहुल्या, सिनेमाची रिळं ज्याची होत तोच हा माल. त्यात कापूर असतो. म्हातारपणी एखादी पट्टी आतून कुजायला लागते आणि तिच्यातून आंबूस, घशाला झोंबणारी वाफ सुटते. पेटी उघडी असेल तर वाफ निघून जाते. बंद असेल तर तिथेच कोंडते, तारा खाते, धातू खाते आणि पट्टीचं कुजणं आणखी वाढवते. एमरी हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. "उघडत जा," तो म्हणायचा. "वाजवू नका हवं तर, पण उघडत जा."

वेवाच्या पेटीपाशी आला की तो पुढच्या कप्प्याकडे वळायचा. पहिल्या खेपेला काहीतरी घाई होती. नंतर कारण लागेनासं झालं.

डेल्फिया, वेवाची धाकटी बहीण, शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गिटार डेल्फियाला द्यायची, हे वेवाने थँक्सगिव्हिंगच्या जेवणात सगळ्यांदेखत सांगितलं होतं. डेल्फियाने वर्षभर विषय काढला नाही. मग काढायला लागली. काहीतरी शिजवून आणायची, भट्टीच्या दारात ठेवायची आणि विचारायची.

"सप्टेंबरात चर्चचा मेळावा आहे, एमरी. तिच्या गिटारीवर गायचंय मला."

"बघू."

"बघू काय? पेटी उचल आणि दे."

"पेटी उघडून, सुरात लावून, दोन ओळी वाजवून द्यायची असते. अशीच कशी देऊ?" हे खरं होतं. गेलेल्या माणसाची गिटार वारसाच्या हातात देताना आधी एमरीने ती वाजवायची, असा भट्टीचा रिवाज पडून गेला होता.

"मग वाजव ना! तुझे हात कुणी बांधलेत?"

"थोडं थांब."

"डंपलिंग्ज गरम आहेत तोवर खा," डेल्फिया म्हणायची. "ते तरी थांबायचे नाहीत."

त्या एप्रिलमध्ये, वसंताची उघडझाप सुरू व्हायच्या आधी, गार्नेट वडिलांची गिटार न्यायला आला. शेजारच्या गावी मेळा होता. त्याने पेटी बाकावर ठेवली, कड्या काढल्या आणि झाकण उचलताच तोंड फिरवलं.

"हे काय रे एमरी? व्हिनेगरची बरणी फुटली की काय आत?"

एमरी पुढे आला. तारा हिरव्या पडल्या होत्या. खुंट्यांच्या चकचकीत निकेलवर सायीसारखा हिरवट थर धरला होता. त्याने बोटाने तो पुसला, बोटाचा वास घेतला.

"हाताचा घाम असेल तुझ्या," तो म्हणाला.

"माझ्या हाताला ही गेल्या ऑक्टोबरपासून लागलेली नाही. तेव्हा तूच पुसून ठेवलीस."

ते खरंच होतं. गार्नेटच्या गिटारीवर सेल्युलॉइडची पट्टीही नव्हती. त्याच्या वडिलांनी ती केव्हाच काढून टाकली होती. म्हणजे वाफ बाहेरून आलेली. भट्टीत कुठेतरी एक पट्टी कुजत होती आणि तिची वाफ पेटीच्या फटीतून शेजाऱ्यांपर्यंत पोचली होती.

"सापडेल," एमरी म्हणाला.

"सापडेल म्हणजे? आतल्या सगळ्यांना लागण व्हायच्या आधी की नंतर?"

"तुझी आधी साफ करून देतो."

एमरी कामाला लागला. कामाला लागणं त्याला जमायचं. दारापासून सुरुवात करून तो एकेक पेटी बाहेर माल चढवायच्या ओट्यावर, छपराच्या सावलीत आणून उघडायचा. पट्टी असलेली गिटार निघाली की पट्टीची कड नखाने दाबून बघायचा, वास घ्यायचा, तारांवर पांढरं फडकं फिरवायचा. पोझी अँडर्सने ठेवायला दिलेली गिटार निघाली, तिची पट्टी काचेसारखी टणक. चर्चच्या जुन्या पियानोवालीची निघाली, ती चांगली. एक निघाली ती कुणाची हेच त्याला आठवेना, पण तीही चांगली. संशय नको म्हणून त्याने दोघातिघांच्या पट्ट्या सोडवून वेगळ्या डब्यात ठेवल्या. संध्याकाळी सगळं आत ठेवून दार ओढलं आणि सकाळी उघडलं, तर वास होताच.

गावात बातमी लपत नाही. शेल्टनांची सून आली. बाई फार गोड बोलणारी.

"काका, तुमच्यावर भरवसा नाही असं नाही हं. पण सासरेबुवांची एवढीच खूण आहे आमच्याकडे. म्हटलं, घरी पलंगाखाली ठेवावी काही दिवस."

"शेगडीजवळ नको," एमरी म्हणाला. "आणि उघडत जा." पेटी त्यानेच गाडीपर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी आणखी एक कुटुंब आलं, त्यांचीही नेऊन दिली. कप्प्यात दोन मोकळ्या जागा झाल्या. एमरी त्यांच्यासमोर उभा राहिला. असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत कप्पे रिकामे होतील, मग सकाळी उठून यायला जागा राहणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. ज्या कारखान्यात लाखेचा हात दिला तो गेला, ज्या घरात दोघं होती तिथे आता फक्त झोपायचं, आणि आता हेही. त्याला भीती वाटायला हवी होती. ती कुठे दिसेना. तो पुढच्या पेटीकडे वळला.

आठवडा उलटायच्या आत मागच्या भिंतीपर्यंत पोचून झालं. गार्नेट ओट्याच्या कडेवर बसून सफरचंद खात होता.

"तर मग?" गार्नेट म्हणाला.

"विटांतून येत असेल. जुनी लाख मुरलेली असते."

"विटांतून."

"असू शकतं."

"एमरी, माझी गिटार कुणाच्या शेजारी होती?"

एमरी फडकं धुवायला नळापाशी गेला. बराच वेळ धूत राहिला.

"उघडलीस का ती?" गार्नेटने मागून विचारलं.

"तिला काही झालेलं नाही. ती नीट ठेवलेली आहे."

"उघडलीस का, एवढंच विचारतोय."

नळ चालूच राहिला. गार्नेटने सफरचंदाचा गाभा गवतात भिरकावला आणि तो घरी गेला. जाता जाता तो शाळेवरून गेला असणार. कारण दुपारी डेल्फिया आली, ती शाळेतला अंगरखा आणि डोक्याची जाळी तशीच घालून आली. हातात काही खायला नव्हतं.

"कुठंय?" ती म्हणाली.

"कोण?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. पेटी कुठंय?"

"आत."

"चल."

दोघं आत गेली. खालच्या कप्प्यापाशी डेल्फिया गुडघ्यांवर बसली, नाक पेटीच्या कडेला लावलं आणि मागे सरली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाफेनेच आलं असावं.

"पेटीच्या फटीला नाक लावायला तुला दोन वर्षांत सवड झाली नाही? अख्ख्या गावाला शिकवतोस, उघडत जा, उघडत जा. पोझी अँडर्सला तू चर्चच्या पायरीवर झापलंस, सगळ्यांसमोर, घरी असताना त्यानं उन्हाळाभर उघडली नाही म्हणून!"

"झापलं होतं."

"मग?"

एमरी कप्प्याच्या फळीवरची धूळ तळहाताने पुसत राहिला.

डेल्फियाने आवाज उतरवला. "ती तिथं नाहीये, एमरी. ती टेकडीवर आहे, चर्चच्या मागं. यात लाकूड आहे."

"माहीत आहे मला."

"मग काय झालं तरी काय?"

"शेवटची तिनं लावलीय."

"काय लावलीय?"

"कडी."

 डेल्फियाने जाळी डोक्यावरून ओढून खिशात कोंबली.

"बरं," ती म्हणाली. "मी लावलेली नाही, मी काढू शकते. पण काढणार नाही. गिटारी उघडायचं काम तुझं आहे. मी इथं बसते."

एमरीने पेटी उचलली आणि बाहेर ओट्यावर आणली. बाकावर आडवी ठेवली. कड्यांच्या पितळेवर हिरवं चढलं होतं. एक तर अडकलीच. "तो लहान पेचकस दे," तो म्हणाला. डेल्फियाने दिला. त्याने कड्या काढल्या आणि झाकण मागे टाकलं.

वास आला तसा त्याने तोंड बाजूला केलं, अनोळखी माणसाची पेटी असती तर केलं असतं तसंच. मग पुन्हा वाकला. पट्टी उरलीच नव्हती. तिच्या जागी तपकिरी भुगा आणि चिकट थेंब. जवळच्या दोन तारा तुटून वळल्या होत्या, बाकीच्या हिरव्या. तारा खाली जिथे अडकवतात तो धातूचा पत्रा डागाळला होता. पट्टीच्या बाजूची गिटारीची पिवळसर किनार भुसभुशीत झाली होती, बोट लावताच तुकडा निघाला. लाकूड मात्र जागेवर होतं.

"तोंडाला फडकं बांध," तो डेल्फियाला म्हणाला. भुगा त्याने कागदावर गोळा केला आणि पाणी घातलेल्या डब्यात टाकला. असला माल पेट घ्यायला निमित्तच बघत असतो. पट्टी धरून ठेवणारा धातूचा कंस सोडवला. तारा कापल्या. गिटार बाहेर काढून बाकावर उताणी ठेवली, आरसा घेतला, दिवा घेतला, एका भोकातून आत उजेड टाकला.

"पोट स्प्रूस लाकडाचं, कोरून काढलेलं," तो बोलायला लागला. "पाठ मेपलची, दोन तुकड्यांची. आतला शिक्का स्वच्छ वाचता येतो. मानेचा सांधा कधी उघडलेला नाही. खुंट्या मूळच्याच. घोडी एकदा तासलेली आहे, खालच्या बाजूनं. पेटी..." त्याने मखमलीवरून हात फिरवला. "पेटीही हिचीच."

डेल्फिया त्याच्याकडे बघत होती.

"मला सांगतोयस होय हे? आईच्या स्वयंपाकघरात ही भिंतीला टांगलेली असायची, एमरी. माझ्या जन्माच्या आधीपासून. घोडी आमच्या बापानं तासली, डुकरं कापायच्या सुरीनं."

"असेल. खालची बाजू ओबडधोबडच आहे."

"अरे, मेल्या, रडशील का नाही जरा?"

एमरी खरोखर विचारात पडल्यासारखा थांबला. गाल चाचपावा तसं त्याने आत कुठेतरी चाचपून बघितलं.

"येत नाही," तो म्हणाला. "मोठा पेचकस दे. तो नाही, लाल मुठीचा."

डेल्फियाने लाल मुठीचा दिला. आणि मग हुंदक्यांवर हुंदके देऊन तिचीच इतकी वाईट अवस्था झाली, की एमरीला हातातलं ठेवून तिला पाण्याचा पेला आणून द्यावा लागला. ती पाणी प्यायली, नाक पुसलं आणि म्हणाली, "शाळेत भांडी तशीच टाकून आलेय मी." तरी ती गेली नाही. पत्रा सुटेपर्यंत दिवा तिने धरला.

दुसऱ्या दिवशी भट्टीत वास कमी होता, आणि आठवड्याने एमरीलाही येईना. गार्नेटनेही आत फेरी मारली, दोन्ही नाकपुड्या भरून हवा ओढली आणि काही टोमणा मारला नाही.

गिटारीचं काम एमरीने सावकाश केलं. पत्रा घासून जेवढा उजळेल तेवढा उजळला. कुजलेली किनार खरवडून काढली आणि नवीन बसवली. तिचा रंग जुन्याशी जुळवायचं काम त्याला डोळे मिटून येण्यासारखं होतं, पण त्याने तो जुळवला नाही. नवा भाग नवा दिसू दिला. पट्टी दुसरी लावली नाही. पोटावर पट्टीच्या आकाराचा फिकट डाग होता, कारण तेवढ्या लाकडाने इतक्या वर्षांत उजेड पाहिला नव्हता. नव्या तारा चढवल्या. घोडी आहे तशी ठेवली.

जूनमध्ये डेल्फिया आली. एमरी ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, गिटार मांडीवर. वेवा धरायची तसा त्याने खालचा सूर, मग पूर्ण झणकार, पुन्हा खालचा सूर असा ताल धरला. संथ, सरळ, एकही चूक नाही. डेल्फियाने डोळे मिटून एक ओळ गुणगुणली आणि थांबली.

"तिच्यासारखी नाही वाटत."

"नाही," एमरी म्हणाला. "सुरात आहे मात्र." त्याने ती तिच्या हातात दिली.

डेल्फियाने फिकट डागावर अंगठा फिरवला. "उघडीबोडकी दिसते. म्हणजे वाईट नाही." मग जरा चाचरत म्हणाली, "एमरी, सप्टेंबरपर्यंत इथंच राहू दे का? माझं घर दमट, तुला माहीत आहे. इथं तू आहेस बघायला."

"नको," एमरी म्हणाला.

"एवढी सगळ्या गावाची ठेवतोस..."

"ही नको. मला हिची पेटी उघडता येत नाही, हे तू बघितलंस. तू उघडशील. घेऊन जा आणि रोज वाजव, वाईट वाजवलीस तरी चालेल."

"वाईटच वाजवते मी," डेल्फिया म्हणाली. "वेवा तेच सांगायची."

पेटीच्या मखमलीत वाफ मुरलेली होती, त्यामुळे गिटार त्यात घालून चालणार नव्हतं. डेल्फियाने गाडीतली गोधडी आणली, गिटार तिच्यात गुंडाळली, पुढच्या सीटवर टेकवून पट्टा लावला आणि दुधाची गाडी हाकावी तशी हळूहळू टेकडी उतरून गेली.

पेटी ओट्यावरच राहिली, झाकण सताड उघडं, कलत्या उन्हात. एमरी येताजाता तिची बाजू फिरवायचा. पाऊस आला तर छपराखाली ओढायचा. शेल्टनांच्या सुनेने सासऱ्यांची गिटार परत आणली, पलंगाखाली मांजर व्यायली म्हणून. गार्नेटनेही मेळा झाल्यावर आपली आणली. एमरीने ती उघडली, खुंट्यांवर फडकं फिरवलं आणि मागच्या भिंतीजवळच्या त्याच कप्प्यात ठेवली. आता तिच्या उजवीकडे कुणी नव्हतं.

बाहेर येऊन गार्नेटने रिकाम्या पेटीकडे बघितलं. "हिला कधी आत घ्यायची?"

"वास गेल्यावर."

"गेला असेल की आता. महिना झाला."

एमरी वाकला. मखमलीला तोंड जवळजवळ टेकवून त्याने लांब श्वास घेतला. आंबूस वास नव्हता. कापराचा नव्हता. घोडीने पडलेल्या टकलापाशी त्याने पुन्हा एकदा हुंगलं. तिथे फक्त ऊन आणि धूळ होती. वेवा केसांना लावायची त्या तेलाचा, हॉलमधल्या कॉफीचा, कशाचाच मागमूस नव्हता. जरा वेळ तो तसाच वाकून राहिला.

"गेला," तो सरळ होत म्हणाला.

"मग उचलू? आत ठेवतो."

"आत नको. तुझ्या वाटेवर डेल्फियाचं घर आहे, तिला देऊन टाक. ती बिचारी किती दिवस गोधडीत बांधून फिरेल?"

गार्नेटने पेटी उचलून गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवली, झाकण खाली घेतलं आणि कडीला हात घातला.

"ती लावू नकोस," एमरी म्हणाला. "अशीच ने."

"वाऱ्यानं झाकण उडेल रे."

"दोरी देतो," एमरी म्हणाला, आणि दोरी आणायला आत गेला.